माझा डावा कान आणि सुदामचा बोअर

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या, मध्ये हसलात की माझा धागा तुटतो. अशी फजिती झालीय राव माझी, की अजूनही सासुरवाडीला, महाळुंगे पडवळला उतरताना मी तोंडाला रुमाल बांधून उतरतो! आणि मी कोण? विज्ञानाचा मास्तर! नारायणगावात बावीस वर्षं पोरांना घसा फोडून सांगतोय, बाबांनो, पुरावा मागा, कुणी सांगितलं म्हणून माना डोलवू नका. त्या मास्तरानं काय दिवे लावले ते ऐका.

आधी माझ्या डाव्या कानाची ओळख करून देतो. बाहेरून एकदम देखणा कान, खोट काढून दाखवा! पण आत, अगदी आत, जिथून शरीराचा तोल सांभाळला जातो ना, तिथं पाणी वाढतं. मेनिअर्स म्हणतात त्याला. आधी कानात दडा बसतो, मग आत कुणीतरी मोटर चालू केल्यासारखी घरघर, आणि मग पृथ्वी फिरते! पृथ्वी फिरते हे मी दरवर्षी शिकवतो, पण अनुभव घेणारा अख्ख्या शाळेत मी एकटाच. कधी वीस मिनिटं, कधी दोन तास. डोळे मिटले तरी फिरते, उघडले तरी फिरते. उलट्या होतात त्या वेगळ्याच. डॉक्टर म्हणाले, हे मुळापासून जात नाही, सांभाळून राहायचं. मीठ कमी, लोणचं-पापड बंद, गोळ्या कायम खिशात.

पण हे लोकांना पटवायचं कसं हो? सुदामच्या, म्हणजे माझ्या मेव्हण्याच्या हळदीत मी भर मांडवात आडवा झालो. सासुरवाडी सगळी माळकरी! मी जीव तोडून सांगतोय, "कानामुळं पडलो हो, कानामुळं!" तर चुलत सासरे म्हणाले, "पावणं, पाय घसरून पडल्यालं ऐकलं व्हतं, पिऊन पडल्यालं बघितलं व्हतं. कान घसरून पडल्याला माणूस आजच बघितला."

त्यानंतर सहा वर्षं, मी गेलो की सासूबाई, मी त्यांना मामी म्हणतो, पाण्याचा तांब्या देताना हळूच माझ्या तोंडाचा वास घ्यायच्या. मायेनं वाकल्यासारखं करायच्या. पण कळायचं ना मला!

तर गेल्या उन्हाळ्यात सुदामचा फोन. "दाजी, या तुमी. बोअर घेतोय." त्याचा दोन एकर टोमॅटो फुलावर आलेला, विहिरीनं तळ दाखवलेला, आणि आधीचे दोन बोअर कोरडे गेलेले. नुसता फुफाटा! आता हा तिसरा आणि शेवटचा. पाणी लागलं तर ठीक, नाहीतर आठ दिवसांत सगळी झाडं वाळून कोळ. फोनवर पोराचा आवाज रडकुंडीला आला होता. मी आणि माझी बायको मंगल लगेच निघालो.

पोचलो ते थेट पानावर. आमरस, कुरडया, पापड, आणि कैरीचं लोणचं! मंगलनं डोळे वटारले. मी म्हटलं, एका दिवसानं काय होतंय? चार पापड आणि लोणच्याच्या सहा फोडी हाणल्या. इथंच, इथंच माती खाल्ली मी!

जेवून शेतात गेलो तर बबनतात्या पाणाडे आलेले. पाणाड्या माहितीय ना? हातावर आडवा नारळ ठेवून शेतभर अनवाणी हिंडायचं, जिथं नारळ उभा राहील तिथं खाली पाणी. माझं मास्तरकीचं रक्त उसळलं. पण तात्यांचा नारळ काही केल्या उभा राहीना. दोन फेऱ्या झाल्या, तीन झाल्या, नारळ आपला झोपलेलाच. बांधावर वीस-पंचवीस माणसं. सुदामचं तोंड एवढंसं झालं.

तात्यांनी घाम पुसला. "आज माझा हात चालंना. ओ पॉझिटिव्ह रगताचा दुसरा गडी पायजे."

"दाजी, तुमचं रगत कंचं?" सुदामनं विचारलं.

"ओ पॉझिटिव्ह," मी छाती काढून सांगितलं. दरवर्षी रक्तदान करतो मी. "पण सुदाम, रक्ताचा आणि जमिनीतल्या पाण्याचा काडीचा संबंध नाही. ही निव्वळ अंधश्रद्धा आहे."

"मग भ्या कशाचं वाटतंय गुरुजी?" तात्या म्हणाले. बांधावर खसखस पिकली.

झालं! मास्तरला डिवचलं की मास्तर गेलाच. "आणा तो नारळ!" मी चपला भिरकावल्या. "सगळं शेत पालथं घालतो. नारळ तसूभर हलणार नाही. डोळ्यांनी बघा सगळ्यांनी!"

निघालो मी. रणरणतं ऊन, तापलेली ढेकळं, हातावर नारळ. पहिली सरी गेली, दुसरी गेली. नारळ ढिम्म! मी बांधाकडं बघून विजयी हसलो. मागं तात्या, त्यांच्यामागं सुदाम, वरात निघाली होती नुसती. आणि वरच्या बांधाजवळच्या करंजाच्या झाडापाशी आलो आणि कानात दडा बसला. पाठोपाठ घर्रर्र...

मला वाटलं खरंच कुणाचा तरी पंप चालू झाला. मी म्हटलं, "मोटरचा आवाज येतोय."

"मोटर?" सुदाम म्हणाला. "लाईट न्हाई दाजी सकाळपासनं."

तात्यांनी एकदम हात वर केला. "गप रं सगळी! खालचं पाणी वाजतंय त्यास्नी!"

अहो, मला घाम फुटला. आता हे येणार! डॉक्टरांनी सांगितलं होतं, चक्कर आली की समोरच्या एका वस्तूवर नजर रोखायची, हलायचं नाही. समोर वस्तू कोणती? नारळ! रोखली नजर. आणि नारळ लागला फिरायला. गरगर, गरगर! शेंडी इकडं, शेंडी तिकडं!

"धरा! धरा!" मी बोंबललो. "फिरतोय! फिरतोय!"

मला कुणी धरलं असेल असं वाटतं तुम्हाला? छे! सगळे ओरडले, "नारळ फिरला! आरं, नारळ फिरला!" आणि मी दोन गिरक्या घेऊन ढेकळांत पालथा. नारळ धोंड्यावर आपटून फुटला, त्याचं पाणी माझ्या तोंडावर.

तात्या कापऱ्या आवाजात म्हणाले, "चाळीस वर्सं झाली मला ह्या कामात. माझा नारळ उभा ऱ्हातो. माणूस आडवा व्हत्याला पयल्यांदा बघतोय. खाली पाणी न्हाई मंडळी, खाली धरण हाय!"

मला गोळी हवी होती. गोळीसाठी पाणी हवं होतं. तोंडातून कसंबसं निघालं, "पाणी... पाणी..."

"ऐकलं का? पाणी म्हणत्यात!"

अहो, प्यायला! पण जीभ वळेना. मी खिशाकडं हात नेला आणि दोन बोटं दाखवली. दोन गोळ्या द्या, एवढंच सांगायचं होतं.

"दोन इंच!" सुदामनं हंबरडाच फोडला. "दाजी दोन इंच पाणी सांगत्यात!"

आमच्याकडं बोअरचं पाणी इंचावर मोजतात, हे माझ्या बोटांना कुठं ठाऊक?

मग मला वांती झाली. ती तात्यांनी 'ताकद बाहेर पडली' या सदरात घातली.

अर्ध्या तासानं डोळे उघडले. बघतो तर माझ्या भोवती फक्कीनं गोल आखलेला, वर हळद-कुंकू वाहिलेलं, आणि बोअरच्या गाडीला फोनही गेलेला. मंगल धावत आली होती, डोकं मांडीवर घेऊन तिनं मला गोळ्या चारल्या. तिला तर सगळं ठाऊक. मी कुजबुजलो, "मंगल, सांग यांना. कान आहे हा, कान."

तिनं इकडं तिकडं बघितलं. माहेरची सगळी माणसं तिच्या नवऱ्याकडं आ वासून बघत होती. "गप पडा," ती दात न उघडता म्हणाली. "सहा वर्सांत पयल्यांदा तुमाला मान मिळतोय."

आणि खरं सांगू? मलाही गोड लागलं हो! मामी स्वतः लिंबू-सरबत घेऊन आल्या. वाकल्या, पण वास घ्यायला नाही, चक्क पाया पडायला! "जावईबापू, आमी तुमाला वळखलंच न्हाई." मी मूग गिळून गप्प बसलो. लाज वाटते सांगायला, पण बसलो. संध्याकाळपर्यंत दोन शेजारी येऊन विचारून गेले, "गुरुजी, आमच्या शेतात कवा पडताय?"

अंथरुणावर पडल्यावर मात्र डोळ्याला डोळा लागेना. सुदामचा चेहरा दिसायला लागला. पोराचा शेवटचा बोअर, आणि तो माझ्या कैरीच्या लोणच्यावर चाललाय! काय हा हलकटपणा? ठरवलं, सकाळी सगळ्यांसमोर खरं सांगायचं. मग मान जावो नाहीतर तोंडाचा वास घेवोत.

पण सकाळी मी गोळीच्या गुंगीत उशिरा उठलो. शेतात पोचतोय तर बोअर चालू! मशीनचा असा आवाज, की शेजारी उभ्या माणसाचं ऐकू येईना. पांढरा धुरळा आभाळाला भिडलेला. पाण्याचा टिपूस नाही. अडीचशे फूट झाले आणि सुदामनं हात हलवून ऑपरेटरला खूण केली, बास, बंद कर. पोरगं मटकन बांधावर बसलं आणि डोक्याला हात लावला. रडत होतं हो ते!

माझं काळीज फाटलं. मी धावत मशीनपाशी गेलो आणि ओरडलो, "सुदाम, चूक माझी आहे! ती चक्कर होती! माझा कान बिघडलाय!"

मशीन धाडधाड. कुणाला शब्द ऐकू येईल तर शपथ! एरवी मला एकट्याला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, आणि आज चांगले धडधाकट कानांचे पन्नास लोक, सगळे बहिरे. मग मी खुणा करायला लागलो. कानाकडं बोट दाखवलं आणि बोट गरगर फिरवलं. चक्कर! कान! चक्कर! मग खाली जमिनीकडं बोट, म्हणजे मी इथं पडलो!

ऑपरेटर तमिळनाडूचा. त्यानं माझ्या खुणा नीट बघितल्या. कानाला बोट, म्हणजे ऐकू येतंय. गरगर, म्हणजे फिरवा. खाली बोट, म्हणजे अजून खोल! त्यानं मला अंगठा दाखवला आणि नवा रॉड चढवला.

"नको!" मी दोन्ही हात जोरात हलवले. तो दोन रॉड समजला.

मी कपाळावर हात मारून घेतला. सुदाम उठून उभा राहिला, डोळे पुसले आणि लांबूनच मला हात जोडले. त्याला वाटलं, दाजी अजून हटलेले नाहीत, मग मी कशाला हटू? माझी अवस्था काय झाली असेल सांगा! दोनशे सत्तर. धुरळा. दोनशे नव्वद. धुरळा. मी, विज्ञानाचा मास्तर, डोळे मिटून कुलदैवताला नवस बोललो. कुणाला सांगू नका!

तीनशे दहा फुटांना धुरळा थांबला. चिखल उडाला. आणि मग असा फवारा उसळला, असा उसळला, की माणसं न्हाऊन निघाली! आयाबाया, म्हातारेकोतारे, सगळे नाचताहेत! अडीच इंच पाणी! सुदामनं मला घट्ट मिठी मारली, दोघंही रडलो. मग पोरांनी मला खांद्यावर घेतलं आणि गुलाल उधळत गरगर फिरवायला लागले.

फिरवायला! मला! चौथ्या फेरीला मी तात्यांच्या नव्या कोऱ्या फेट्यावर कार्यक्रम उरकला.

दुपारी ओट्यावर सगळे बसले असताना मात्र मी धीर केला. आता पाणीही लागलं होतं, सुदामचं भलं झालं होतं, खोटा मान कशाला? "मामी, एक खरं सांगतो. मला दैवी काही नाही. मला मेनिअर्स आहे."

"मण्यार?" मामी किंचाळल्या. "गं बया! कवा चावली?"

"चावली नाही हो! आजार आहे, डाव्या कानाचा. कानाच्या आत पाणी वाढतं, त्यानं तोल जातो. म्हणून मी त्या जागी पडलो. पाणी लागलं तो निव्वळ योगायोग."

सगळे माझ्या कानाकडं बघायला लागले. मला वाटलं, पटलं यांना! बावीस वर्षांच्या मास्तरकीचं चीज झालं. तात्यांनी हळूच मान हलवली. "म्हंजी कानात पाणी हाय तुमच्या?"

"हो."

"मग बरोबर. पाण्याला पाणी वळखतं."

मामींनी पदर सावरला, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि हिशेब जुळल्यासारख्या माझ्याकडं वळल्या. "म्हंजी जावईबापू, एका कानावर अडीच इंच लागलं. आता वरच्या शेतातबी एक बोअर घ्यायचाय आमाला. तुमचा उजवा कान कवा बिघडायचा म्हणत्यात डॉक्टर?"