वजनकाट्यावरचा अंगठा

राहुरीच्या एसटी स्टँडवर, रसाच्या गाड्याशेजारी एक म्हातारा वजनकाटा घेऊन बसायचा. गिऱ्हाईक काट्यावर चढलं की तो उकिडवा होऊन आकडा वाचायचा आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल असा सांगायचा.

ती नव्वदीतली वर्षं. एड्स झालेला माणूस वाळत जातो, एवढंच आम्हाला ठाऊक. मी नगरला एका बाईकडे गेलो होतो. निरोध वापरला होता, फाटलाही नव्हता. डॉक्टर म्हणाले, "धोका अगदी कमी आहे. तरी खात्रीसाठी तीन महिन्यांनी तपासू." तोवर मी रोज चपला काढून, डोळे मिटून त्या काट्यावर उभा राहायचो. घास उतरत नव्हता, पँट सैल झाली होती, पण वजन तेवढंच भरायचं. त्याच आधारावर मी दिवस काढले.

शेवटी नगरला रिपोर्ट मिळाला. काही नव्हतं! राहुरीला उतरलो तो थेट काट्यावर चढलो.

"तीन किलो कमी हाय," म्हातारा म्हणाला.

"काल तर तेवढंच होतं की!"

"काल माजा आंगठा हुता त्यावर." त्यानं धुळकट पाय पुढे करून दाखवला. "तुमी लई भ्यालेले दिसायचे. आज तोंड बगितलं, म्हनलं आता खरं सांगाया हरकत न्हाई."

मी खो खो हसत सुटलो आणि दोघांसाठी रस सांगितला. ग्लास संपवून म्हाताऱ्यानं काट्यावर चढणाऱ्या पुढच्या माणसाचं तोंड निरखलं आणि अंगठा हळूच काट्याच्या कडेवर टेकवला.