विहीर खणणारी मावशी

जव्हारच्या कॉलेजात मी मराठी शिकवते. शोकांतिकेचा नायक शिकवताना माझी पंचाईत झाली होती. जुन्या नाटकांतले राजे मुलांना पटत. पण आजच्या नाटकातला साधा माणूस नायक कसा, हे त्यांच्या गळी उतरेना. शेवटी मी म्हटलं, आपणच एक नाटक लिहू.

मुलांनी लिहिलं ते असं: एक शेतकरी गावासमोर बोलून बसतो, की विहीर मी एकटा खणणार. मदतीला आलेल्या भावाला तो परत धाडतो. पुढे खडक लागतो, तरी हटत नाही, आणि अखेर दरड कोसळून विहिरीतच संपतो.

प्रयोगाला आठ दिवस असताना शेतकरी झालेला मुलगा कामासाठी भिवंडीला गेला. तालमी कॅन्टीनमध्ये चालत, त्यामुळे तिथे स्वयंपाक करणाऱ्या वांगणीच्या मावशींना सगळं पाठ होतं. मिशा लावा, मी करते, म्हणाल्या.

मी त्यांना जरा केविलवाणं बोलायला सांगितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“बाई, त्याची कीव नका करू. त्याला थांबता येत होतं. तो थांबला नाही, अन् दुसऱ्याला बोलही लावला नाही.”

शोकांतिकेच्या नायकावरच्या माझ्या दोन पानी टिपणात हे इतकं सरळ कुठेच नव्हतं.

खोडाळ्याला बाजाराच्या दिवशी, भर दुपारी प्रयोग झाला. मावशी खडकावर पहार मारत होत्या. तेवढ्यात प्रेक्षकांतले एक म्हातारे बाबा उठले, धोतर खोचलं आणि तिथे पडलेली दुसरी पहार घेऊन थेट मावशींच्या शेजारी उभे राहिले. मुलं घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मावशी मात्र शांत होत्या.

“बाबा, खाली बसा,” त्या शेतकऱ्याच्या आवाजात म्हणाल्या. “मी कुणाचं ऐकणारा असतो, तर ही वेळच आली नसती.”

लोक खो खो हसले. पण पुढची दहा मिनिटं, दरड कोसळेपर्यंत, कुणी जागचं हललं नाही.

प्रयोगानंतर चहाच्या टपरीवर बाबांनी मावशींना गाठलं. खडक लागला तिथेच चार हात बाजूला सरकायचं होतं, असं ते समजावत राहिले. मावशीही मन लावून ऐकत होत्या, मध्येच शंका विचारत होत्या. आमची मुलं भोवती कोंडाळं करून बसली, आणि त्या शेतकऱ्याचं नेमकं काय चुकलं यावर सगळे तावातावाने भांडू लागले. मी आणखी एक चहा सांगितला. इतका चांगला तास माझा कधी झाला नव्हता.