तळाशी पोचलेली टोवे

टोवे स्कारूपला पान उघडताना पाहिलं तर कोणालाही वाटेल, या बाईला वाचायचा कंटाळा आहे. संगणकाच्या पडद्यावर कुठलंही पान आलं की बोटाच्या एका फटक्यात ती तळाशी जायची, परत वर, परत खाली. आमच्या ऑर्हूस शहरातल्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात तिचं कामच ते होतं. वाचणारा पानावर नेमका कुठे पोचलाय, हे तिनं लिहिलेला कोड ओळखायचा आणि त्याची नोंद ठेवायचा. पान जरा सरकलं तरी ते दाखवणारं फ्रेमवर्क, म्हणजे खालची तयार यंत्रणा, 'सरकलं, सरकलं' असं शंभरदा ओरडतं. त्यातलं ऐकायचं कुठलं, हे शोधण्यात तिनं घरच्या स्वयंपाकघरात तीन हिवाळे घालवले. आईची नजर अधू होत चालली होती. अर्धवट सोडलेलं पुस्तक म्हातारीला पुन्हा त्याच ओळीवर उघडून मिळावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. पुढे तिनं तो कोड सगळ्यांना फुकट वापरायला दिला. अट एकच, वर तिचं नाव राहावं.

येप्पे क्रागेलुन्ड नऊ वर्षं तिच्या शेजारच्या टेबलावर. शुक्रवारी सगळ्यांसाठी पाव आणायची त्याची पाळी असली की खसखशीचा एक पाव तो टोवेसाठी बाजूला काढून ठेवायचा. गेल्या वर्षी तो आमचा प्रमुख झाला, तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या तिच्याच. मला तो कधीच आवडला नाही, पण माझं ऐकतंय कोण!

मार्चमधल्या एका शुक्रवारी पावाला लोणी लावता लावता तो म्हणाला, "टोवे, एक पान पाठवलंय. तुझा कोड त्यावर तळ पकडतोय का, बघ ना जरा."

"आत्ता? खाऊ तरी दे की मेल्या."

"दोन मिनिटांचं काम गं."

हातातला पाव न ठेवताच तिनं पान वरखाली केलं. "पकडतोय की! अकराच्या अकरा वेळा."

"गुणाची आहेस."

ते पान म्हणजे खराखुरा करार होता. तिचा कोड यापुढे कंपनीचा, तिचं नाव काढणार, फुकट वापर बंद. शेवटपर्यंत वाचून चौदा दिवसांत हरकत घेतली नाही तर संमती धरली जाईल, हे सगळ्यात खाली. पंधराव्या दिवशी नाव गेलं, तेव्हा ती तडक येप्पेकडे गेली. मीही मागोमाग.

"मी वाचलंच नव्हतं ते! तूच तपासायला सांगितलंस ना?"

"तुझ्याच कोडची नोंद तर म्हणते वाचलंस. अकरा वेळा. तुझा कोड चुकत नाही, असं तूच सांगतेस, टोवे."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. टोवे पांढरीफटक पडली होती. "कंपनीनं केलं असतं तर भांडले असते," ती म्हणाली. "तू केलंस रे."

तिनं राजीनामा दिला. तिच्या शेवटच्या शुक्रवारी येप्पेनं तिच्या टेबलावर खसखशीचा पाव आणून ठेवला आणि एक लांबलचक माफीपत्र पाठवलं. टोवेनं ते उघडलं, बोटाच्या एका फटक्यात तळाशी गेली आणि संगणक बंद केला.

येप्पे लगबगीनं आला. "वाचलंस?"

"नोंद बघ," ती म्हणाली, आणि पाव तिथेच सोडून निघून गेली.