एका कॉम्प्युटरला तीन राखणदार

ढाणकीतल्या आमच्या घरावर कोणीतरी इंटरनेटवरून पाळत ठेवून आहे, असं मी एका शनिवारी जाहीर केलं. पाळत ठेवावी असं आमच्या घरात आहे तरी काय, हा प्रश्न फक्त बायकोला पडला.

झालं होतं असं की, कॉम्प्युटर उघडला रे उघडला की टक्कल, मूळव्याध आणि परदेशी लॉटरीच्या जाहिराती आपोआप उगवायच्या. (पहिल्या दोन खास माझ्यासाठी होत्या की काय, ही शंका मी घरात बोललो नाही.) बायकोचा, म्हणजे मंदाचा, जीव मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. सोमवारी यवतमाळच्या एका शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी तिची ऑनलाइन मुलाखत होती. लग्नानंतर सुटलेलं शिकवणं पुन्हा हाती येणार होतं. त्यासाठी ‘झाडाचे भाग’ हा पाठ, हलत्या-बोलत्या चित्रांसकट, तिने महिनाभर खपून याच कॉम्प्युटरवर तयार केला होता.

“तुमी काही करू नोका. सोमवार होऊ द्या,” ती म्हणाली.

“अगं, पण तुझा पाठ चोरीला गेला म्हणजे?”

“झाडाचं चित्र कोन चोरते?”

तिचं ऐकलं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती. पण मी हेर पकडणारं एक फुकट सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. माझे वडील, म्हणजे बाबा, (उभा जन्म वावरात गेलेला, विश्वास कशावरच नाही) खुर्ची ओढून शेजारी बसले.

“हे काय करते रे?”

“राखण करते, बाबा. चोर घुसला की धरते.”

“किती घेते?”

“फुकट आहे.”

“फुकटात रातच्या जागलीले कोन जाते? झोपते पाह्य हा. आपन वावरात दोघं काहून ठेवतो? एक झोपला तं दुसरा त्याले उठवते. डुकरं काय एकाच बाजूच्या धुऱ्यानं येते?”

मुद्दा बिनतोड होता. मी दुसरं फुकट सॉफ्टवेअर घेतलं.

दुसऱ्या राखणदाराने आल्या आल्या पहिल्यालाच चोर म्हणून धरलं. पहिलाही काही कमी नव्हता, त्याने दुसऱ्याची गचांडी पकडली. पडद्यावर लाल पाट्यांवर लाल पाट्या!

“याईचं पटून नाही राह्यलं,” बाबा म्हणाले. “मंधात तिसरा बसव.”

गावातली भांडणं अशीच मिटतात, त्यामुळे तेही पटलं. तिसरा आला. त्याने त्या दोघांना हातही लावला नाही. शांतपणे सगळा कॉम्प्युटर तपासला आणि एकच संशयित शोधून कुलूपबंद केला. मंदाचा पाठ! सोडवायला गेलो तर म्हणाला, पैसे भरा. (पकडणं तेवढं फुकट होतं.) मी मुकाट्याने भरायला निघालो, तेवढ्यात तिघांच्या ओढाताणीत कॉम्प्युटरनेच मान टाकली. रविवारभर मी त्याच्यासमोर बसून होतो. पडदा निळा तो निळाच.

मंदा भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसताना मात्र मला दिसली, आणि मला स्वतःची खरोखर लाज वाटली.

सोमवारी साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवून मुलाखत सुरू झाली.

“सर, कॉम्प्युटर बंद पडला आहे. मी तशीच शिकवते,” मंदा म्हणाली.

हे ऐकून बाबा तडक परसात गेले आणि वांग्याचं अख्खं झाड मुळासकट उपटून घेऊन आले. अर्धी माती मोबाइलवर सांडली. मंदाने ते झाड हातात धरून मूळ, खोड, पान, फूल असं काही समजावून सांगितलं की दाराआड उभा असलेला मीसुद्धा मान डोलवत होतो. बाबा तर चुकून तिच्या एका प्रश्नाचं उत्तर देऊन बसले.

संध्याकाळी फोन आला. निवड झाली होती! मंदाने फोन स्पीकरवर टाकला आणि मुख्याध्यापकांचा आवाज घरभर घुमला.

“मॅडम, ऐन वेळी सगळं बंद पडलं, तरी तुम्ही जराही चिडला नाहीत. एवढा संयम आणला कुठून?”

मंदाने माझ्याकडे पाहिलं.

“घरी रोजचा सराव आहे, सर.”

तिच्या नोकरीत माझाही वाटा आहे, हे मी आता भेटेल त्याला सांगतो. वाटा कसला, ते तेवढं सांगत नाही.