मित्रदेशाची डबी

वरव्याच्या फाट्यावरून आत वळलं की आधी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं वर्कशॉप लागतं, मग वीटभट्टी, आणि तिच्या पलीकडे पांढऱ्या पत्र्याची लांबलचक शेड. मी तिथं कामाला होते तेव्हा फाटकावर दोन झेंडे असायचे, एक आपला आणि एक त्यांचा. त्यांचा म्हणजे कोणाचा, ते मी लिहिणार नाही. वर्तमानपत्रात त्या देशाचं नाव आलं की आधी 'मित्र' हा शब्द येतोच, एवढं सांगितलं तरी पुरे.

त्या शेडमध्ये आम्ही दुर्बिणी जोडायचो. बंदुकीवर बसवायच्या. अंधारात किंवा धुक्यात समोरचा माणूस त्याच्या अंगाच्या उबेवरून दिसावा, अशी ती दुर्बीण. माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला होता आणि पुण्याला रोज ये-जा करून मी कंटाळले होते. घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर असलं काम सुरू होतंय म्हटल्यावर मी पहिल्याच मुलाखतीला गेले. आमच्या पट्ट्यातल्या बऱ्याच मुली लागल्या. कोणी नसरापूरची, कोणी कापूरहोळची, एक तर पार वेल्ह्याहून एसटीनं यायची.

उद्घाटनाला दोन्हीकडचे मोठे लोक आले होते. भाषणात सांगितलं ते आम्हाला पाठ झालं होतं. आधी सुटे भाग तिकडून येतील, आपण जोडायचे. मग एकेक भाग इथंच बनायला लागेल. शेवटी दुर्बिणीचा गाभासुद्धा. तो गाभा म्हणजे एक काळी डबी होती, काड्यापेटीहून थोडी मोठी. ऊब ओळखायची ती हीच डबी. बाकी आम्ही जे करायचो, म्हणजे भिंगं पुसणं, रबरी कडी बसवणं, आत बाष्प धरू नये म्हणून कोरडा वायू भरणं, ते सगळं त्या डबीला नीट ठेवण्यासाठी. डबीला सील असायचं. सील तुटलं की ती बाद, अशी सक्त ताकीद होती.

शेडच्या मागच्या टोकाला डबी बनवण्यासाठी एक खोली बांधायला घेतली होती. भिंतींना गुळगुळीत रंग, धुळीचा कण आत येऊ नये म्हणून दुहेरी दार, हवा गाळायचं यंत्र. जेवणाच्या सुट्टीत आम्ही मुली तिच्या काचेतून आत बघायचो आणि कोण कुठं बसणार ते ठरवायचो.

शिकवायला तिकडून एक बाई आली. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठी, आखूड केसांची, शांत. पहिल्या आठवड्यात तिचं नाव आम्हाला नीट घेता येईना, तेव्हा मी विचारलं की तुम्हाला ताई म्हटलं तर चालेल का. ताई म्हणजे काय ते समजावून सांगितल्यावर ती हसली, आणि त्या दिवसापासून स्वतःची ओळखही 'मी ताई' अशीच करून द्यायला लागली. तिचा हात फार हलका होता. भिंग बोटांत कसं धरायचं, श्वास सोडून मग स्क्रू कसा लावायचा, हे ती न बोलता दाखवायची आणि आपल्याकडून होईपर्यंत शेजारी उभी राहायची. चुकलं तर ओरडायची नाही. आजवर कुठल्याच मास्तरानं मला इतक्या मायेनं शिकवलं नव्हतं.

आम्ही मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायचो. हळूहळू ती आमच्या घरी यायला लागली. आईच्या हातची नाचणीची भाकरी तिला आवडायची. लावणीच्या दिवसांत तर ती हट्टानं खाचरात उतरली. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, तिच्या हातात रोपांची जुडी दिली आणि चिखलात पाय कसा रोवायचा ते दाखवलं. तिची ओळ वाकडी गेली. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, ती ओळ तशीच ऱ्हाऊ द्या. पावन्यानं लावलीय." त्या वर्षीचा आंबेमोहोर झाला तेव्हा आबांनी त्यातला तांदूळ तिच्यासाठी वेगळा काढून ठेवला.

आबा गावात सांगायचे की आमची पोरगी बंदुकीचा डोळा बनवते. तिथं काय चालतं ते बाहेर बोलायला आम्हाला मनाई होती, पण आबांना थांबवणं जमलं नाही. चहाच्या टपरीवर, सोसायटीत, लग्नात, सगळीकडे हेच. "आता जोडती. म्होरल्या साली आख्खी हितंच करणार," ते म्हणायचे. ते वाक्य माझंच होतं. मी घरी सांगितलेलं.

आणि मला ते ताईनं सांगितलं होतं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही दोघी राजगडावर गेलो होतो. पालीकडून चढलो. पद्मावती माचीवर तळ्याजवळ बसून डबा खाल्ला. ऊन कोवळं होतं, खाली गुंजवणीचं पाणी चमकत होतं. मला साताऱ्याच्या एका तंत्रनिकेतनात शिकवायची नोकरी चालून आली होती आणि काय करावं ते ठरत नव्हतं. मी तिला सरळ विचारलं की डबीचं काम कधी सुरू होणार आणि त्यात मी असेन का. ती माझ्याकडे न बघता डब्याचं झाकण लावायला लागली. मग म्हणाली, "पुढच्या वर्षी. तुला मीच शिकवीन."

मी साताऱ्याला नकार कळवला. ताईकडून तिच्या भाषेचं लहान मुलांचं पुस्तक मागून घेतलं आणि संध्याकाळी अक्षरं गिरवायला बसले. डबीच्या यंत्रांवरच्या सूचना तिकडच्या भाषेत असणार, आपल्याला वाचता आल्या पाहिजेत, असा माझा हिशेब. ताई माझ्या वह्या तपासायची. एकदा तिनं पान उलटता उलटता डोळे पुसले. मला वाटलं, तिला घरची आठवण आली असेल.

खोली पूर्ण झाली. नारळ फोडला. हवेचं यंत्र सुरू झालं आणि दिवसभर घुमत राहिलं. यंत्रसामग्री मात्र आली नाही. विचारलं की उत्तर मिळायचं, जहाजात आहे, कस्टममध्ये आहे, मंजुरीत आहे. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. सरकारी कामाला वेळ लागतो हे आम्ही लहानपणापासून बघत आलो होतो.

मग तिकडे त्यांच्या शेजाऱ्यांशी लढाई पेटली. मोबाईलवर सारखी तीच चित्रं. ताई जेवायची नाही, तिचा भाऊ सैन्यात होता. आई तिच्यासाठी डबा पाठवायची. थोड्याच दिवसांत तिकडून काळ्या डब्या यायच्या थांबल्या. त्यांच्या डब्या आता त्यांनाच लागत होत्या. आमच्या टेबलांवर दुर्बिणींची रिकामी घरं, म्हणजे बाहेरची कवचं, रांगेनं मांडून ठेवलेली, भिंगं पुसून तयार, आणि काम बंद. वेळ काढायला आम्ही पुन्हा पुन्हा तीच भिंगं पुसायचो.

तेव्हा आपल्या सैन्याचे एक अधिकारी पाहणीला आले. उंच, करड्या मिशांचे. ते टेबलाटेबलाशी थांबून चौकशी करत होते. माझ्यापाशी आले आणि एक रिकामं घर हातात घेऊन म्हणाले की सीमेवर आमची मुलं याची वाट बघतायत, हे कधी भरणार. मी मोठ्या उमेदीनं बोलले. म्हटलं, साहेब, तिकडून येईनात का, आपण इथं बनवू, खोली तयार आहे, यंत्रं तेवढी आली की झालं. शिकवायला ताई आहेच.

अधिकाऱ्यांनी आमच्या मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरनी जमिनीकडे पाहिलं. मी ताईकडे वळले तर ती पाठ करून कपाट लावत होती. कपाट आधीच नीट लावलेलं होतं. अधिकारी ते घर जागेवर ठेवून पुढं गेले. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

दुपारी कँटीनमध्ये ताई एकटी बसली होती. मी समोर जाऊन बसले. विचारलं, यंत्रं येणार आहेत का. तिनं नकारार्थी मान हलवली.

"कधीच नाही?"

"कधीच नव्हती येणार. करारात ती नाहीतच."

"तुला कधी कळलं?"

"मला माहीत होतं. इथं आले त्या दिवसापासून."

मी तिला राजगडाची आठवण दिली. तू मला शिकवीन म्हणाली होतीस, मी साताऱ्याची नोकरी सोडली. ती म्हणाली की तिला ते बोलायची परवानगी नव्हती, आणि मी इतक्या आशेनं विचारलं होतं की नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं. डबी आम्ही कोणालाही देत नाही, ती म्हणाली. विकतो. बनवायला शिकवत नाही.

"पण आपण मित्र ना?" मी विचारलं. मी दोन देशांबद्दल विचारत होते की आम्हा दोघींबद्दल, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

"मित्रांनाही नाही," ती म्हणाली.

मग ती खोली कशाला बांधली, असं मी मॅनेजरना जाऊन विचारलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं आणि समजावलं की इथं बनणार असं दाखवल्याशिवाय कंत्राट मिळालं नसतं, त्यांनाही विकायचं होतं, आपल्यालाही घ्यायचं होतं, वर सगळ्यांना ठाऊक आहे. "तुम्हा मुलींना इतकं खरं वाटेल असं आम्हाला वाटलं नव्हतं," ते म्हणाले. ताईचं बोलणं मला लागलं होतं, पण हे वाक्य त्याहून खोल गेलं. परक्यांनी आपलं राखून ठेवलं, ते मी एक वेळ समजू शकत होते. आपल्याच माणसांनी आम्हाला काचेबाहेर उभं करून रिकामी खोली दाखवली होती.

घरी सांगायला मला आठवडा लागला. आबा बांधावर गवत कापत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी विळा खाली ठेवला.

"म्हंजी तू तितं करतीस काय?"

"जोडते, आबा. पुसते, वायू भरते, स्क्रू लावते."

"आन् डोळा?"

"तो तिकडून येतो. कायम तिकडूनच येणार."

त्यांनी कापलेलं गवत एका बाजूला सारलं. मग म्हणाले, "म्या सगळ्या गावाला सांगून बसलो." माझ्यावर आवाज चढवला नाही, पण त्यांची नजर म्हणत होती की तू मला खोटं सांगितलंस. आणि ते खोटंही नव्हतं. मी त्यांना माझ्या हाती आलं तेच दिलं होतं. घरी आल्यावर ते आईला म्हणाले, "आपल्या चुलीपाशी बसून ती बाई खोटं बोलली."

आई म्हणाली, "चुलीपाशी खोटं न्हाई बोलली. गप बसली."

"त्ये येकच," आबा म्हणाले. त्यानंतर ते टपरीवर जायचे, पण कोणी माझ्या कामाबद्दल विचारलं की उठून यायचे.

लढाई थंडावल्यावर डब्या पुन्हा यायला लागल्या. मागच्या खोलीतलं हवेचं यंत्र बंद केलं आणि तिथं रिकामे खोके रचले. एक समारंभ ठरला. दुर्बीण पूर्णपणे इथंच बनते, असं मुलींच्या वतीनं मी बोलायचं होतं, चांगलं बोलते म्हणून. मी मॅनेजरना सांगितलं की माझ्याच्यानं होणार नाही. त्यांनी जोर केला नाही. कापूरहोळच्या मुलीनं ते वाचलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी महिनाअखेरीला राजीनामा दिला.

ताई परत जायच्या आधी घरी आली होती. मी वरच्या खाचरात होते. तिची गाडी बांधापाशी थांबलेली मला दिसत होती, आणि तिलाही मी दिसत असणार. मी खाली उतरले नाही. आईनं तिला चहा दिला. आबा बाहेर आले नाहीत, पण तिच्यासाठी राखलेला तांदूळ त्यांनी आईच्या हाती पाठवला. आई म्हणाली की पिशवी घेताना ती रडली. तिचे निरोप अजून कधीमधी मोबाईलवर येतात. तिची लिपी मला वाचता येते. उत्तर मी दिलेलं नाही. ती वाईट होती म्हणून नव्हे. तिचा हात माझ्या हातावर होता तेव्हाही ती मला फसवत होती, आणि त्याच हातानं ती मला मनापासून शिकवतही होती. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या एकत्र कशा ठेवायच्या ते मला अजून कळलेलं नाही.

आता मी भोरला आयटीआयमध्ये शिकवते. मुलामुलींना सोल्डरिंग, मोजमाप, सर्किट वाचणं. गेल्या वर्षी सारोळ्याकडे नव्यानं होणाऱ्या एका कारखान्याचे लोक आमच्याकडे मुली निवडायला आले. दुसरा देश, तोही मित्र. ड्रोनचे भाग. पडद्यावर चित्रं दाखवून ते साहेब म्हणाले की सुरुवातीला फक्त जोडणी, नंतर हळूहळू सगळं इथंच. मुली पुढं सरकून ऐकत होत्या.

प्रश्न विचारा म्हणाले तेव्हा मी उभी राहिले. विचारलं, यातला कोणता भाग तुम्ही आम्हाला कधीच शिकवणार नाही, तो आजच सांगाल का. साहेब हसले. तसल्या गोष्टी वरच्या पातळीवर ठरतात, म्हणाले. ते इंग्रजीत बोलले होते. मी मुलींकडे वळून मराठीत सांगितलं, "काही भाग देणार नाहीत. कोणता ते सांगत नाहीत. एवढं धरून चाला आणि मग ठरवा."

मुलींनी आपसात थोडी कुजबुज केली. मग एकेक उठून नाव द्यायला रांगेत उभी राहिली. मी कोणाला अडवलं नाही. काम जवळ होतं, पगार चांगला होता. रांगेतल्या शेवटच्या मुलीनं जाता जाता विचारलं, "मॅडम, आमच्या जागी तुमी असता तर गेला असता का?"

मी तिला खरं तेच सांगितलं. म्हटलं, गेले असते.