टेपबाईंचं मीठ

माझी मावशी तयार कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होती. मोजमापाचा टेप सदा गळ्यात. घरी भाजी चिरतानाही तो काढायची आठवण राहायची नाही. कारखान्यात सगळे तिला टेपबाई म्हणत. काका, म्हणजे तिचा नवरा, चिडवायच्या मूडमध्ये असले की तेही हेच नाव घेत.

ऐकीव गोष्टींचा तिला भारी राग. कोणी सांगितलं, अमुक पाला चावला की वजन झरझर उतरतं, की तिचा प्रश्न ठरलेला, "किती माणसांवर पाहिलं? किती दिवस?" ती स्वतः मात्र वाचायची, वहीत टिपायची, आणि पटलं की अख्ख्या कारखान्याला कामाला लावायची. जेवणाच्या सुट्टीत तीस बायकांना गोदामाभोवती दहा मिनिटं चालवत न्यायची. सुरुवातीला हसणाऱ्या बायकाच पुढे तिला हाका मारायला यायच्या. काकांची बहीण, म्हणजे मावशीच्या वन्सं, म्हणायच्या, "वहिनींचा माणसांपेक्षा आकड्यांवर विश्वास जास्त."

त्या वर्षी तिने मीठ बदललं. नेहमीच्या मिठातला काही भाग कमी करून त्या जागी पोटॅशियमचं मीठ घातलेलं, असं ते पाकीट होतं. हजारो माणसांवर, काही वर्षं अभ्यास झाला होता. रक्तदाब उतरला होता, पक्षाघाताचे झटके कमी झाले होते. बातमी खरी होती. मावशीने पाकीट कापलं, मीठ बरणीत ओतलं, पाकीट टाकून दिलं. कारखान्यातल्या अठरा जणींनीही तिच्या शब्दावर तेच मीठ घरी नेलं.

काका वजनकाटे दुरुस्त करायचे. रक्तदाबाची गोळी अकरा वर्षं चालू होती. दोन वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले होते की मूत्रपिंडं जरा मंदावली आहेत, दर सहा महिन्यांनी रक्त तपासा. काकांना दुखत-खुपत काही नव्हतं. तपासणी एकदा झाली, मग राहून गेली.

तिसऱ्या आठवड्यात काका म्हणाले, "अगं, पाय कसे पोत्यासारखे झालेत. उचलत नाहीत."

"अशक्तपणा आहे," मावशी म्हणाली. तिने रोज दोन केळी आणि पेलाभर संत्र्याचा रस सुरू केला.

शुक्रवारी सकाळी मी तिच्याकडेच होते. काका दुकानात जायला जिना उतरत होते. पावलांचा आवाज मधेच थांबला, म्हणून मी पाहायला गेले. चौथ्या पायरीवर ते बसून होते, कठडा धरून.

"उठता येत नाही गं," ते शांतपणे म्हणाले. त्या शांतपणाचीच मला भीती वाटली.

मावशीने त्यांचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहत राहिली. ओठ हलत होते. मिनिट संपलं तसा तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"अडतीस," ती म्हणाली. "शेजारच्यांना गाडी काढायला सांग. पळ!"

इस्पितळात काकांच्या छातीला तारा लावल्या, रक्त काढून नेलं. तरुण डॉक्टरीणबाई कागदावरची रेघ पाहून म्हणाल्या, "हृदयाची गती फारच कमी आहे. कदाचित तात्पुरतं यंत्र बसवून ठोके वाढवावे लागतील. वरिष्ठांना बोलावलंय." तोवर वन्सं धापा टाकत आल्या होत्या. सिस्टरने औषधांची यादी लिहून घेतली आणि विचारलं, "हल्ली नवीन काही सुरू केलंय? काढा, चूर्ण, कोणी दिलेली पुडी?"

"आमच्या घरात असलं काही चालत नाही," मावशी ताठ मानेने म्हणाली.

सिस्टर वळली. आम्ही बाकावर बसलो. मावशी टेपचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. अचानक तिचा हात थांबला.

"मीठ," ती पुटपुटली.

"काय?"

"मीठ नवीन आहे." तिने माझा दंड इतका घट्ट धरला की कळ आली. "त्या अभ्यासाच्या तळाशी एक ओळ होती. मूत्रपिंडाचे रुग्ण यात घेतले नव्हते. मी वाचली होती गं ती. वाचून पुढे गेले."

वन्सं समोरच उभ्या होत्या. आयुष्यभर ज्यांच्यासमोर मावशीने हार मानली नव्हती, त्यांच्या देखत तिला हे बोलावं लागणार होतं. ती उठली आणि थेट पडद्याआड गेली.

"डॉक्टर, तीन आठवडे मी यांना पोटॅशियमचं मीठ घालतेय. मूत्रपिंडं आधीच मंद आहेत. वरून केळी आणि संत्र्याचा रस. चूक माझी आहे, पण आधी ऐकून घ्या."

डॉक्टरीणबाईंनी तो रेघांचा कागद पुन्हा हातात घेतला, दिव्याखाली धरला. पुढच्या क्षणी त्यांचा आवाजच बदलला. "सिस्टर, कॅल्शियमचं इंजेक्शन. आत्ता, रिपोर्टची वाट नको." मग मावशीकडे वळून म्हणाल्या, "यांची रक्तदाबाची गोळीही शरीरात पोटॅशियम अडवून धरते. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. बाहेर थांबा."

अर्ध्या तासाने रिपोर्ट आला. पोटॅशियम सातच्या वर होतं; साडेपाचच्या वर गेलं तरी डॉक्टर सावध होतात. काकांना अतिदक्षता विभागात हलवलं.

वन्सं भिंतीला टेकून उभ्या होत्या. "माझ्या भावाला मिठाने मारत होतात तुम्ही," त्या म्हणाल्या. मावशीने मान खाली घातली. आणि मग तिला दुसरी गोष्ट सुचली. मला वाटतं, त्या दिवशी तिच्या तोंडचं पाणी खरं पळालं ते तेव्हा.

"अठरा घरं," ती म्हणाली.

मावशी आणि मी दोन फोन घेऊन बसलो. प्रत्येकीला तोच प्रश्न: घरात कुणाला मूत्रपिंडाचा त्रास आहे का, रक्तदाबाची किंवा हृदयाची कुठली गोळी चालू आहे का? असेल तर ते मीठ आत्ता थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. दुपारपर्यंत सतरा जणी सापडल्या. काजवाली सापडेना. शर्टांना काजं करणारी ती. तिच्या सासूची मूत्रपिंडं खराब होती हे सगळ्यांना माहीत होतं. फोन बंद. कारखान्यात विचारलं तर म्हणाले, ती दोन दिवस रजेवर आहे, सासूला बरं नाही.

मावशी उभी राहिली आणि पुन्हा खाली बसली. आत काका होते.

वन्संनी तिच्याकडे पाहिलं. राग गेला नव्हता, पण त्या म्हणाल्या, "मी बसते इथे. तुम्ही जा, वहिनी. त्या बाईला कोण सांगणार?"

काजवाली तिसऱ्या मजल्यावर राहायची. मावशी न थांबता चढली. मी मागे राहिले. दार उघडलं तेव्हा आतल्या खाटेवर म्हातारी एका कुशीवर पडली होती.

"टेपबाई, तुम्ही? फोनला चार्जिंग नाही हो," काजवाली म्हणाली. "कालपासून यांना उठवत नाही. वय झालं आता."

"वय नाही," मावशी म्हणाली. "मी सांगितलेलं मीठ आहे. चप्पल घाल, यांना उचलायचंय."

मग आम्ही तिघींनी म्हातारीला खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट तीन जिने उतरवलं. प्रत्येक वळणावर मावशी तिच्या नाडीला हात लावत होती. रिक्षात काजवाली एकच वाक्य बोलली, "तुमच्या शब्दावर डोळे मिटून घेतलं होतं मी."

म्हातारीचं पोटॅशियम सहाच्या वर निघालं. त्याच इस्पितळात, काकांच्या खालच्या मजल्यावर तिला ठेवलं. चौथ्या दिवशी ती घरी गेली. काका आठव्या दिवशी आले, गोळी बदलून, काठी टेकत. दुकान उघडायला त्यांना दीड महिना लागला.

काका घरी आल्यानंतरच्या सोमवारी मावशीने कटिंगच्या टेबलापाशी सगळ्यांना बोलावलं आणि काय झालं ते कमी-जास्त न करता सांगितलं. शेवटी बटणवाली दबकत म्हणाली, "मला त्या मिठाने बरं वाटतंय, टेपबाई. मी बंद करू का?"

एरवी अशा प्रश्नाला तिच्याकडे उत्तर तयार असायचं. त्या दिवशी ती म्हणाली, "माझ्या शब्दावर जाऊ नकोस. रक्त तपासून घे, चालू गोळ्या डॉक्टरांना दाखव, मग ते सांगतील ते कर." बटणवालीची मूत्रपिंडं ठणठणीत निघाली. डॉक्टरांनी तिला ते मीठ चालू ठेवायला सांगितलं आणि वर्षभरात तिचा रक्तदाब खरोखर उतरला. मावशीने हेही सगळ्यांना सांगितलं. मिठाला उगाच बदनाम करायचं नाही, असं तिचं म्हणणं.

गोदामाभोवतीचं चालणं सुरू राहिलं, पण काजवाली त्यात येईनाशी झाली. मावशीशी बोलणंही तिने टाकलं. मावशी मात्र दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तीन जिने चढून जायची आणि म्हातारीला रक्ततपासणीला घेऊन जायची. काजवाली दार उघडायची, सासूची चप्पल पुढे ठेवायची, आत निघून जायची. पाच महिने हेच चाललं.

सहाव्या महिन्यात मावशी आणि म्हातारी परतल्या तेव्हा टेबलावर दोन कप चहा होता. तो चांगलाच गोड होता. एरवी चहात साखर न घेणारी मावशी तो सगळा प्यायली.