चौदा गोळ्यांचं भाषांतर

आमच्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत. धूळ साचते तसे आपोआप साचतात, आणि लखनौला धुळीची काय कमी!

आमच्या युनिटचं काम नॉलेज ट्रान्सलेशन. म्हणजे संशोधनात सिद्ध झालेलं लोकांच्या घरात पोचवायचं. सध्या लहान मुलांच्या जुलाबांचं काम चालू आहे. झिंकची गोळी चौदा दिवस द्यायला हवी. पण तिसऱ्या दिवशी पोर खेळायला लागलं, की आई गोळ्या फळीवर टाकते आणि पोर पुन्हा आजारी पडतं. आमची सगळी लढाई त्या उरलेल्या गोळ्यांसाठी.

*

ट्रान्सलेशन म्हटल्यावर बिल्डिंगमधल्यांनी आम्हाला भाषांतरकारच ठरवलं. वरच्या मजल्यावरच्या एका साहेबांनी मुलीची लग्नपत्रिका पाठवली. "बस अंग्रेज़ी में कर दीजिए, समधी लोग कनाडा में हैं।"

आमचे प्रमुख कुलकर्णी सर सोलापूरचे. त्यांनी निमूटपणे करून दिली. वर म्हणाले, "आपलं हे एक तरी ट्रान्सलेशन शंभर टक्के अमलात येईल."

*

मग गोळ्यांचं पत्रक काढायचं ठरलं. हिंदी माझं. मी अकोल्याची, पण इथे दहा वर्षं काढलीत, म्हटलं हिंदी म्हणजे हातचा मळ.

मलिहाबादच्या आशा कार्यकर्त्या रामबेटी दीदी मसुदा मोठ्याने वाचत होत्या. "जुलाब में गोली चौदह दिन दीजिए।" आणि थांबल्या.

"मैडम, गोली जुलाब में घोलकर पिलाएँ? बच्चा बचेगा?"

आपला जुलाब म्हणजे हिंदीतला दस्त, आणि हिंदीतला जुलाब म्हणजे पोट साफ करायचं औषध! माझे कान लाल झाले. त्या दिवसापासून रामबेटी दीदींनी हो म्हटल्याशिवाय आम्ही एक ओळही छापत नाही. पीएचडी आमच्या, शेवटची सही त्यांची.

*

दीदींबरोबर सर आणि मी एकदा आमराईत गेलो. एक बाई हट्टालाच पेटली होती. "दस्त बंद हो गया, तो गोली काहे?"

दीदी शांतपणे म्हणाल्या, "आम तोड़ लिए, तो बाग को खाद-पानी देना छोड़ देती हो?"

बाई उठली आणि चमचा घेऊन आली. हे वाक्य आमच्या जाडजूड अहवालात कुठेच नव्हतं. मला दीदींचा इतका अभिमान वाटला, की परतताना गाडीत मी सरांना ते तीनदा सांगितलं.

*

पुढे एका बैठकीत अधिकाऱ्यांनी विचारलं, "एविडेंस क्या है?"

सरांचा लॅपटॉप सुरू होईपर्यंत दीदींनी आपली पिशवी टेबलावर उलटी केली. आयांनी परत केलेल्या रिकाम्या स्ट्रिप्सचा ढीग!

"गिन लीजिए, साहब।"

*

आता माझी फजिती. गेल्या जूनमध्ये माझ्या दोन वर्षांच्या ओवीला जुलाब झाले. चौथ्या दिवशी ती घरभर धावायला लागली आणि मी, हो मीच, स्ट्रिप फ्रीजवर ठेवून विसरले.

तेलीबागला आमच्या घरी कामाला येणारी सुनीता नुकतीच माहेराहून, बख्शी का तालाब नावाच्या गावाहून, परतली होती. तिकडे आमचं काम कधी पोचलेलंच नाही. मी ऑफिसात काय करते, हेही तिला ठाऊक नाही.

फ्रीज पुसताना तिने ती स्ट्रिप उचलून उलटसुलट पाहिली. चमचाभर पाण्यात गोळी विरघळवली आणि ओवीला पाजली.

"भाभी, पूरे चौदह दिन देना होता है।"

"तुझे किसने बताया?"

"बताएगा कौन? ये तो सब जानते हैं।"